मशीनचं नाव वाचून घड्याळ पारखता येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या, फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ तुम्हाला आवडलंय. आतली यंत्रणा म्हणजे मशीन जपानी, सफायर काच, पाण्यात २०० मीटरपर्यंत टिकण्याचा दावा, आणि फोटो असे की नजर हटत नाही. तेवढ्याच पैशांत एका मोठ्या कंपनीचंही घड्याळ मिळतंय, पण त्याला साधी मिनरल काच आणि ५० मीटर. कागदावर छोटी कंपनी सरळ जिंकते. तरी हात आखडतोय, कारण घड्याळ हातात घेऊन बघायची सोय नाही. मग दर्जा ओळखायचा कसा?

हात आखडतोय हे बरंच आहे. कागदावर जे लिहिलंय ते चांगलं आहे का, हा खरा प्रश्न नाहीच; ते चांगलंच आहे. सफायर काच, ३१६एल प्रतीचं स्टील, सिरॅमिक बेझल (काचेभोवतीचं बाहेरचं कडं), नावाजलेलं मशीन, या वस्तू आज कोणीही मागवू शकतं. अडचण अशी की घड्याळ चांगलं की वाईट हे ज्यावरून ठरतं ते कागदावर कुणी लिहीतच नाही. तेव्हा ते कुठे शोधायचं, एवढंच सांगतो. मी दुरुस्तीच्या बाजूने या धंद्यात आहे, विक्रीच्या नाही. त्यामुळे माझी नजर मागचं झाकण उघडल्यावर काय दिसतं यावर तयार झालेली आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

आधी अशा कंपन्या काम कशा करतात ते बघू. बहुतेक ठिकाणी दोन-चार माणसं असतात. ती डिझाइन करतात. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, एका कारखान्यातून येते, डायल दुसऱ्या, काटे तिसऱ्या, मशीन जपानहून किंवा स्वित्झर्लंडहून, आणि जोडणी बहुधा कंत्राटावर. स्वतःच्या हातांनी काही बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत, उदाहरणार्थ ग्लासगोची अनऑर्डेन स्वतःच्या एनॅमलच्या (काचेचा लेप दिलेल्या) डायली स्वतः भाजते, पण तो अपवाद. बाहेरून करून घेण्यात कमीपणा काही नाही. मोठमोठ्या नावांच्या घड्याळांतही सुटे भाग बाहेरचे असतात.

फक्त एक गोष्ट पक्की समजून घ्या. एकच कारखाना एकाच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला उत्तम केस देतो आणि दुसऱ्याला बरी केस देतो. मापात किती फरक चालेल, किती नग नापास करायचे, कडांवर हाताने किती काम करायचं, हे सगळं गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांवर आणि धरलेल्या आग्रहावर ठरतं. म्हणून ‘अमुक महागड्या कंपनीच्या केसेस बनतात त्याच कारखान्यात आमच्याही बनतात’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

यावरून माझा एक ठोकताळा तयार झालाय. सुटा भाग बघू नका, दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात ती जागा बघा. काटा आणि त्याचा दांडा, डायल आणि तिच्याभोवतीचं कडं, चावी (बाजूची फिरवायची घुंडी) आणि तिची नळी, चेनची शेवटची कडी आणि केसचे पाय (पट्टा अडकतो ती टोकं), झाकण आणि रबराची रिंग. भाग विकत मिळतात. ते नीट बसवायला वेळ लागतो, आणि पैसे वाचवायचे असले की आधी कात्री लागते ती वेळेला.

तपशिलात जाण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. घड्याळ रोज वापरणार, पोहतानाही काढणार नाही, असं असेल तर केस, चावी आणि सील यांना पहिला मान. चार-पाच घड्याळं आलटून पालटून घालणार असाल तर दिवसाला दहा सेकंद इकडे की तिकडे याने काही बिघडत नाही, तुम्ही दर खेपेला वेळ लावणारच आहात. पाच सेकंदांचाही फरक डोक्यात जाणारा स्वभाव असेल तर कुठलंही स्वस्त ऑटोमॅटिक घेऊ नका. सेलवर चालणारं क्वार्ट्झ घ्या आणि सुखी राहा. छोट्या कंपन्या क्वार्ट्झही चांगली करतात, आणि त्यात वाचलेले पैसे पुष्कळदा केस-डायलवर लागलेले दिसतात. आणि तुमच्या आवाक्यात घड्याळ उघडून काम करणारा भरवशाचा माणूस आहे की नाही, यावरही बरंच ठरतं.

आता मशीन. सगळे तिथूनच सुरुवात करतात, म्हणून ते आधी उरकू.

या किमतीत तुम्हाला फिरून फिरून तीच नावं दिसतील. सेईको गटाचं एनएच३५: तासाला २१,६०० ठोके, २४ ज्युवेल (झीज कमी करणारे खडे), एकदा चावी भरली की ४१ तास चाल, जाडी ५.३२ मिलिमीटर. मियोटाचं ९०१५: २८,८०० ठोके, ४२ तास, आणि जाडी फक्त ३.९ मिलिमीटर, म्हणून पातळ घड्याळं करणाऱ्यांचं ते लाडकं. थोडं वर गेलात की स्विस कंपनी सेलिटाचं एसडब्ल्यू२००, जे तिथल्याच ईटीए कंपनीच्या २८२४ या मशीनच्या आराखड्यावर बेतलेलं आहे. सगळी कामाची मशीनं आहेत. एनएच३५ तर इतकं दणकट आहे की त्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मशीन फक्त चुंबकत्व धरलेलं निघतं.

पण मशीनच्या नावावरून ते कसं चालेल हे कळत नाही. एनएच३५साठी कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. म्हणजे दोन नगांमध्ये दिवसाला एक मिनिटाचा फरक असू शकतो आणि तरी दोन्ही कागदोपत्री निर्दोष. ९०१५ची मर्यादा उणे १० ते अधिक ३०. सेलिटा एकच मशीन वेगवेगळ्या प्रतींत विकते; जाहिरातीत नुसतं ‘एसडब्ल्यू२००’ लिहून प्रत लिहिलेली नसेल तर सगळ्यात खालची धरून चाला. मशीन जसं आलं तसं केसमध्ये घातलं, की आधी टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून जुळवून मग घातलं, इथे कंपनी-कंपनीत फरक पडतो. जुळवणीला दर नगामागे काही मिनिटंच लागतात, पण ती मिनिटं कुणीतरी द्यावी लागतात.

कंपनी किंवा समीक्षक टाइमग्राफरचा फोटो टाकतात, ‘+३ सेकंद’ असा. त्याला भुलू नका. डायल वर करून सपाट ठेवलेल्या, नुकतीच पूर्ण चावी दिलेल्या घड्याळाचा तो एक क्षण असतो. घड्याळ मनगटावर तसं कधी नसतं. तेच घड्याळ चावी खाली करून उभं धरलं की उणे १५ दाखवू शकतं. विचारायचं असेल तर हे विचारा: वेगवेगळ्या स्थितींत मिळून फरक किती? रेग्युलेटरची (चाल कमी-जास्त करायची) पट्टी सरकवून सगळे आकडे एकत्र पुढे-मागे नेता येतात, पण स्थितींमधला फरक तसाच राहतो, कारण तो बॅलन्सच्या, म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाच्या, तोलातून आणि त्याच्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या बसण्यातून आलेला असतो. या वर्गातल्या घड्याळात वीसेक सेकंदांच्या आत फरक असेल तर मी खूश होतो. चाळीस असेल तर कुणी हात लावलेला नाही असं समजतो. शेजारी बीट एरर, म्हणजे दोन बाजूंच्या झोक्यांच्या वेळेतला फरक, दिसतो. तो एक मिलिसेकंदाच्या खाली असावा. अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका किती मोठा, तो पूर्ण चावीवर २०० अंशांच्याही खाली असेल तर तेल किंवा कचऱ्याचा प्रश्न आहे. मात्र आधी टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (त्या मशीनचा ठरलेला कोन, ज्यावरून झोका मोजला जातो) बरोबर टाकलाय का ते बघा, एनएच३५ला तो ५३ अंश लागतो. चुकीचा कोन टाकून घेतलेला अँप्लिट्यूड वाचण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी दोष वाटतात आणि दोष नसतात. ९०१५चा रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) एकाच दिशेला फिरताना चावी देतो, दुसऱ्या दिशेला मोकळा सुटतो; हात झटकला की तो गरगरतो, आवाज येतो, मनगटाला जाणवतंही. मियोटाच्या जुन्या ८२१५चा सेकंद काटा मधूनच थबकल्यासारखा वाटतो, कारण त्याला गती मुख्य गिअरमालिकेतून सरळ मिळत नाही. या मशीनच्या सवयी आहेत. याउलट घड्याळ कानाशी धरून हलकं हलवलं आणि रोटरच्या घरंगळण्याशिवाय आणखी एक बोथट ‘ठक्’ ऐकू आला, तर मशीन केसमध्ये सैल बसलंय. मशीनभोवती प्लास्टिकची रिंग असते की धातूची यावर लोक वाद घालतात. मला दोन्ही चालतात, सैल असलेली कुठलीच चालत नाही.

आणखी एक छोटी खूण, मला फार आवडते. डायलवर तारखेची खिडकी नाही, पण चावी ओढताना मधला एक टप्पा लागतो आणि तिथे फिरवलं की काहीच होत नाही. याचा अर्थ तारखेचं मशीन बिनतारखेच्या डायलखाली दडवलंय. त्याने घड्याळ वाईट चालत नाही. पण बिनतारखेचं मशीन वेगळं मिळतं, एनएच३८ किंवा ९०३९. ते मागवायचे कष्ट घेतले नाहीत एवढं कळतं. आणि एका ठिकाणी घेतले नाहीत, तर इतरत्र किती घेतले असतील, हा विचार मनात येतोच.

आणि मशीनबद्दलची शेवटची गोष्ट, जी गिऱ्हाइकांना नेहमी उलटी वाटते: या वर्गाच्या घड्याळात मशीन हा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. एनएच३५ बिघडलं तर पुष्कळदा ते खोलून साफ करण्यापेक्षा नवं टाकणं स्वस्त पडतं. पण त्या कंपनीने खास बनवून घेतलेली चावी, तिची नळी, बेझलखालची स्प्रिंग, वेगळ्याच घुमटाची काच, यातलं काही गेलं आणि कंपनीने दुकान गुंडाळलं असेल तर तो भाग जगात कुठेच नाही. लोक चौकशी करतात मशीनची आणि अडकतात चावीपाशी.

तर आता त्या जागा, जिथे भाग भेटतात. हे फोटोतही बऱ्यापैकी दिसतं, फक्त फोटो कंपनीचे नकोत, मालकांचे हवेत. कंपनीचे सुरुवातीचे फोटो पुष्कळदा फोटो नसतातच, संगणकावर काढलेली चित्रं असतात. त्यात धूळ नसते, सावली हवी तशी पडते आणि काटे तंतोतंत असतात. खरे फोटो असले तरी काटे दहा-दहावर. तिथे चुका लपतात. बारा वाजता आणि सहा वाजता काढलेला फोटो शोधा, नसेल तर मागा. बाराला दोन्ही काटे एकावर एक यायला हवेत. सहाला एक सरळ रेघ व्हायला हवी. मिनिट काटा बारावर असताना तास काटा आकड्याच्या जरा अलीकडे-पलीकडे असेल, तर काटे दाबून बसवताना घाई झालीय. अर्ध्या मिनिटाएवढी चूक मी सोडून देतो. दोन-तीन मिनिटांची असेल तर नाही, कारण तिकडे रोज बघायचंय तुम्हाला.

काटे जवळून बघताना दोन ठिकाणं बघायची. एक, मधलं भोक जिथे दांड्यावर बसतं तिथे चिमट्याचे ओरखडे आहेत का. दोन, काट्याची कड. स्वस्त काटे पत्र्यातून ठोकून काढलेले असतात आणि कडेला बारीक खरखर राहते. बरे काटे नंतर घासलेले असतात, प्रकाश त्यांच्यावरून एका रेषेत सरकतो. लांबीही बघा. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतंय का? अलीकडेच संपत असेल तर काटे बहुधा कॅटलॉगातून उचललेत, या डायलसाठी केलेले नाहीत. हा एक दोष फोटोत लगेच दिसतो, दुरुस्त होत नाही, आणि तरी कुणाच्या फारसा लक्षात येत नाही याचं मला नवल वाटतं.

डायलवर छपाईची अक्षरं मोठी करून बघा. कडा भरीव आणि शाई उठावदार हवी. लहान अक्षरांची पोटं भरून आलेली असतील तर छपाई हलकी. चिकटवलेले उठावाचे आकडे असतील तर तीन, सहा, नऊ सरळ आहेत का बघा. मग डायलभोवतीच्या तिरप्या कड्यावर मिनिटांच्या रेघा असतील तर त्या डायलच्या रेघांशी जुळतात का. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी डोळ्याला खुपतो. खूपशा शहाण्या कंपन्या त्या कड्यावर काही छापतच नाहीत, म्हणजे जुळवायचा प्रश्नच उरत नाही. हा मला आळस वाटत नाही, आपली ऐपत ओळखून केलेलं डिझाइन वाटतं.

चावी मात्र फोटोत कळत नाही, हातातच कळते. आट्यांची चावी असेल तर उघडताना शेवटचा आटा सुटला की ती स्प्रिंगने अलगद वर यायला हवी. बंद करताना हलकं दाबून आधी उलटी फिरवावी, आट्याचं तोंड सापडल्याचा बारीक ‘टक्’ जाणवतो, मग सुलटी. नीट बनवलेली चावी तिथून दोन-तीन वेढे एकसारख्या जोराने जाते आणि थांबते. वाईट चावी पहिल्याच प्रयत्नात तिरपी पकडते, वाळू असल्यासारखी खरखरते, आणि तशीच रेटली की नळीचे आटे खाते. वेळ लावायला बाहेर ओढल्यावर चावी थोडी डुलते, ते सगळ्यांचंच होतं. पण लोंबल्यासारखी वाटली तर नको. हे एक लक्षण मला ३१६एलच्या छाप्यापेक्षा जास्त सांगतं.

बेझल फिरणारं असेल तर ते फिरवताना मजा येते की नाही हा आवडीचा भाग. मी बघतो ते ‘टिक्’ होऊन थांबल्यावर मागे किती सरकतं, आणि वरचा त्रिकोण बाराच्या रेघेवर येतो का. १२० टिक्सच्या बेझलला एक टिक म्हणजे अर्धं मिनिट. त्रिकोण दोन टिक्सच्या मध्ये राहत असेल तर कितीही फिरवा, तो सरळ होणार नाही.

चेनची शेवटची कडी केसच्या पायांमध्ये बसते ती जागा. वरून बघितल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी हवी, आणि कडी हलवली तर खुळखुळायला नको. कडी भरीव असावी, दुमडलेल्या पत्र्याची नको. चेन बरी नसली तरी त्यावरून घड्याळ नाकारू नका, पट्टा लावून टाका. फक्त पायांमधलं अंतर नेहमीचं, १८, २० किंवा २२ मिलिमीटरचं आहे ना ते बघा. वेगळ्याच आकाराची जोडणी करून ठेवणाऱ्या कंपन्यांपासून मी लोकांना दूर ठेवतो, कारण तो पट्टा फक्त त्यांच्याकडेच मिळतो, आणि त्या किती वर्षं टिकतील कुणी सांगावं.

पाण्याच्या दाव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या तुलनेत २०० विरुद्ध ५० हा मोठा मुद्दा झालाय. २०० मीटर म्हणजे तेवढ्या खोल पाण्याइतका स्थिर दाब, आणि तोही नव्या घड्याळावर. आयएसओ २२८१० या सर्वसाधारण मानकात काही नमुने तपासून चालतं. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ कडक आहे. त्यात प्रत्येक नग तपासावा लागतो, दाव्यापेक्षा २५ टक्के जास्त दाबाला. शिवाय घड्याळ गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवून आत धुकं धरतं का तेही बघतात. छोट्या कंपनीने ‘२०० मीटर’ लिहिलंय म्हणजे यातलं काही केलंच असेल असं नाही. केसचा आराखडा २०० मीटरसाठी आहे एवढाच अर्थ असू शकतो. सरळ विचारा: प्रत्येक नग दाबाला लावता का, हवेच्या की पाण्याच्या, आणि किती? ज्यांनी केलंय ते एका वाक्यात उत्तर देतात.

हे का विचारायचं ते एका उदाहरणावरून सांगतो. माझ्याकडे असंच एक घड्याळ आलं, नवंकोरं म्हणावं असं, काचेखाली धुकं. मागे २०० मीटर कोरलेलं. झाकण फिरवून काढलं तर रबराची रिंग आपल्या खाचेत बसलेली नव्हती. एका जागी ती बाहेर ओढली जाऊन झाकणाच्या आट्याखाली चेंगरली होती, कागदासारखी चपटी आणि कडेला फाटलेली. बोटाने पुसून बघितली, ठणठणीत कोरडी. झाकण आवळायच्या आधी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा असतो. तो दिला नाही की फिरणारं झाकण रिंगेला आपल्याबरोबर ओढत नेतं. केस चांगली, मशीन चांगलं, रिंगही चांगल्या प्रतीची. एक दाबचाचणी झाली असती तर हे घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं नसतं. तेव्हा कागदावरचे २०० आणि तपासलेले ५० यांत मी पोहायला तपासलेले ५०सुद्धा नेणार नाही, पण विश्वास त्यांच्यावर ठेवीन.

काचेबद्दल फार बोलायला नको. सफायर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला नीलमाचाच स्फटिक. कठीणपणाच्या मोह्‌स मापात दहापैकी ९, त्यामुळे रोजच्या वापरात ओरखडत नाही, पण कडेवर ठोका बसला तर टवका उडतो. फक्त एक: सफायर साध्या काचेपेक्षा जास्त चकाकते. आतून चकाकी कमी करणारा थर दिला नसेल तर उन्हात डायलऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. थर बाहेरूनही दिला असेल तर तो ओरखडतो, आणि लोकांना वाटतं काचच नकली निघाली. चांगल्या थराची मिनरल काच बिनथराच्या सफायरपेक्षा वाचायला बरी, हे माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही.

अंधारात चमकणाऱ्या रंगाचंही तसंच. सुपर-ल्युमिनोव्हा लिहिलंय यापेक्षा तो किती जाड लावलाय हे महत्त्वाचं. दहा मिनिटं उजेडात ठेवून मग चार तासांनी अंधारात वेळ वाचता आली, तर झालं. आणि ‘स्विस मूव्हमेंट’ म्हणजे ‘स्विस मेड’ नव्हे: २०१७पासून ‘स्विस मेड’ लिहायला घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो, जोडणी आणि शेवटची तपासणीही तिथलीच. नुसतं मशीन तिकडचं असलं तर डायलवर काय शब्द लिहिलेत ते नीट वाचा.

बरं, ही सगळी पारख घड्याळ न बघता कशी करायची? समीक्षा वाचा, पण नमुना फुकट आलेला की विकत घेतलेला ते आधी बघा. फुकटचा नग बहुधा निवडून पाठवलेला असतो. त्यापेक्षा वर्षभर वापरलेल्यांचे अनुभव शोधा. तक्रारी सापडतील, त्या सगळ्यांच्या असतात. तक्रारीनंतर काय झालं ते वाचा. नग बदलून दिला, सुटा भाग पाठवला, की ‘हे मर्यादेत आहे’ म्हणून बोळवण केली? केसचा फोटो इंटरनेटवर उलटा शोधा. तीच केस, तेच काटे, दुसऱ्या नावाने चार ठिकाणी दिसले तर घड्याळ कॅटलॉगातलं आहे. ते मला चालतं, स्वस्तही पडतं. फक्त ‘आम्ही तीन वर्षं खपून घडवलेलं’ अशी गोष्ट त्याच्यासोबत विकू नये. आगाऊ पैसे घेऊन मग बनवणार असतील तर त्यांनी याआधीची खेप वेळेवर पोचवली का एवढं बघा. पहिलीच खेप असेल तर ते पैसे जोखमीचे समजा.

आणि कंपनीला एक ईमेल लिहा. तीन प्रश्न पुरेत. जोडणीनंतर मशीन किती स्थितींत तपासता आणि किती फरक चालवून घेता? दाबचाचणी प्रत्येक नगाची होते का? चावी, काच, रिंगा आणि बेझल यांचे सुटे भाग किती वर्षं ठेवणार, आणि दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला देणार का? उत्तराचा तपशील बघा, गोडवा नको. ‘आमचा दर्जा सर्वोत्तम आहे’ हे उत्तर नाही. ‘चार स्थितींत तपासतो, उणे १० ते अधिक १५ च्या बाहेरचा नग पुन्हा जुळवतो, काच आणि चाव्या शेकड्यात जास्तीच्या मागवून ठेवल्यात’ हे उत्तर आहे. ‘प्रत्येक नग नाही, दहातला एक तपासतो’ असं प्रामाणिकपणे कुणी लिहिलं तर मी त्यालाही चांगले गुण देतो.

तुमच्या दोन घड्याळांपैकी कुठलं, असं थेट विचाराल तर: या तीन प्रश्नांना धड उत्तरं आली आणि मालकांच्या फोटोंत काटे-डायल जुळलेले दिसले तर छोट्या कंपनीचं घ्या, तेवढ्याच पैशांत केसवर जास्त काम झालेलं मिळेल. उत्तरं आली नाहीत, किंवा घड्याळ परत पाठवायचा खर्च तुमच्या माथी असेल, तर मोठ्या कंपनीचं घ्या. तिथे काच साधी मिळेल, पण दहा वर्षांनीही चावी मिळेल.

घेतलंत तर आल्या दिवसापासून परतीची मुदत मोजायला लागा आणि मुदत संपेपर्यंत प्लास्टिकचे कागद काढू नका. चावीला तीस-चाळीस वेढे देऊन वेळ सेकंदाला लावा, एक पूर्ण दिवस डायल वर करून ठेवा, दुसरा दिवस चावी खाली करून उभं, आणि फरक लिहून ठेवा. रात्री बाराला तारीख कधी बदलते बघा. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालेल, सकाळी नऊला अर्धी तारीख दिसत असेल तर नाही. चावी दहा वेळा उघडा-बंद करा. दिव्याखाली घड्याळ तिरकं धरून काचेच्या आतल्या बाजूला तंतू, बोटाचे ठसे, धूळ शोधा. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलंत तरी पुरतं. काही सापडलं तर फोटोसह लगेच कळवा, आणि ते काय म्हणतात ते इथे लिहा, म्हणजे पुढचं काय करायचं ते सांगता येईल.